प्रवचन पुरे, गोष्ट सांगा

नाताळचे दिवस जवळ आले की आपल्या धर्मग्रामांतून कथास्पर्धांचे पेव फुटते आणि परीक्षणाचे काम बहुधा धर्मगुरूच्या माथी येते. गेली अनेक वर्षे ते माझ्याही वाट्याला येत आहे. त्या अनुभवावरून मी एक विधान करतो. ते कटू वाटेल याची मला कल्पना आहे. आपल्या समाजात आज कथा लिहिल्या जात नाहीत, एकच कथा पुन्हा पुन्हा उतरवून काढली जाते. बाप दारुडा असतो. आई सोशिक असते आणि तिच्या हाती जपमाळ असते. मूल आजारी पडते, डॉक्टर हात टेकतात, आई मतमाउलीला नवस बोलते. फादर येतात, मुलाच्या मस्तकावर हात ठेवतात, मूल डोळे उघडते. आणि शेवटच्या परिच्छेदात बाप अंगणातल्या दगडावर बाटली फोडून सहकुटुंब मिस्सेला जातो. नावे बदलतात, आजार बदलतो, हरेगावच्या जागी कधी वसई तर कधी वांद्रे येते. दगड आणि बाटली मात्र अढळ!

यातले काही खोटे आहे असे माझे म्हणणे नाही. दारू सोडलेली माणसे मी पाहिली आहेत, त्यांच्या घरी जेवलो आहे. पण दारू सुटते कशी हे ज्याने जवळून पाहिले आहे त्याला ठाऊक असते की ती एकदा सुटण्यापूर्वी सात वेळा सुटते आणि आठ वेळा लागते. त्या सात-आठ वेळांत घरात काय काय घडते, बायको पैसे कोणत्या डब्यात लपवते, पोरगा बापाच्या पावलांचा आवाज ऐकून काय ओळखतो, शुद्धीवर आलेला बाप सकाळी चहाचा कप हातात धरताना कोणाकडे पाहत नाही, ही खरी कथा. ती आपल्या लेखकांच्या अंगणात घडत असते आणि कागदावर मात्र एका ओळीत आटोपते.

असे का होते, याची दोन उत्तरे मला नेहमी ऐकायला मिळतात. एक असे की, आमच्या लेखकांचे अनुभव तोकडे आहेत. दुसरे असे की, त्यांना प्रशिक्षण मिळत नाही, तेव्हा कार्यशाळा घ्या. ही दोन्ही उत्तरे मला मान्य नाहीत. अनुभव तोकडे? ज्यांच्या आजोबांनी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली आणि सुकडीवर दिवस काढले, ज्यांच्या घरातली अर्धी माणसे उसाच्या फडात आणि अर्धी पुण्याच्या कारखान्यांत वाढली, ज्यांच्या आज्यांनी मिशनच्या बोर्डिंगात पहिल्यांदा पाटी हाती धरली, त्यांच्या अनुभवाला तोकडे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. आणि कार्यशाळांविषयी न बोललेले बरे. दोन दिवसांच्या शिबिरात चहा, नाश्ता, गटचर्चा आणि प्रमाणपत्र एवढे निश्चित मिळते.

खरे कारण साधे आहे. आपले लेखक वाचत नाहीत. ते एकमेकांचे लेखन वाचतात, आणि तेही अंकात आपले नाव शोधताना डोळ्यांखालून जाते तेवढे. मोठ्यांच्या कादंबऱ्या, ज्यांना आपण अभिजात म्हणतो, त्या शाळेच्या पाठ्यपुस्तकातील उताऱ्यापलीकडे बहुतेकांनी पाहिलेल्या नाहीत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा आनंद सर्वांनाच झाला. त्या आठवड्यात मराठीतली एखादी अभिजात कादंबरी किती जणांनी कपाटातून खाली काढली, असा प्रश्न मी काही मंडळींना विचारला, तेव्हा विषय बदलण्यात आला.

आता आपल्याच घरापासून सुरुवात करू. आपल्या प्रत्येक साहित्यिक सभेत एक वाक्य हटकून येते: मराठीतली पहिली कादंबरी एका ख्रिस्ती लेखकाने लिहिली. टाळ्या पडतात. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाले, हे सर्वांना तोंडपाठ असते. पुस्तक वाचलेला माणूस मात्र शोधून काढावा लागतो. पदमनजी प्रॉटेस्टंट, आपण कॅथलिक, ही सबब येथे चालणार नाही, कारण अभिमान मिरवताना ती कोणी पुढे करीत नाही.

ज्याने ते वाचले असेल त्याच्या लक्षात एक गोष्ट आली असेल. यमुना आणि तिचा पती विनायक प्रवासाला निघतात आणि वाटेत त्यांना एकामागून एक विधवा भेटतात. प्रत्येकीची कहाणी वेगळी, दुःख वेगळे. त्या एकेका कहाणीत आजही ओल आहे. विधवाविवाहाचा कायदा आदल्याच वर्षी, १८५६ साली झाला होता. म्हणजे लेखकाने हात घातला तो जळत्या निखाऱ्याला. तरीही पुस्तक ठिकठिकाणी थांबते. पात्रे बोलू लागतात तेव्हा माणसे बोलत नाहीत, मते बोलतात. खुद्द ग्रंथाच्या जोडनावातच विधवांच्या स्थितीचे ‘निरूपण’ असा शब्द आहे, आणि पदमनजींनी तो शब्द प्रामाणिकपणे पाळला. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्यापुढे मराठीत कादंबरीचा नमुनाच नव्हता. वाट नसलेल्या रानातून ते पहिल्यांदा गेले. आपल्यापुढे मात्र पावणेदोनशे वर्षांचे रस्ते आहेत, आणि तरीही आपण १८५७ सालीच चालत आहोत!

आता याच विषयावरचे दुसरे पुस्तक घ्या. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी ‘करमणूक’ साप्ताहिकातून १८९० ते १८९३ या काळात क्रमशः आली. नायिकेचे नाव पुन्हा यमुनाच. विषय पुन्हा स्त्रीची दैना, वैधव्य, केशवपन. आपटेही सुधारकच, त्यांनाही समाज बदलायचा होता, आणि मधूनमधून त्यांचाही उपदेश डोकावतो, हे नाकारता येत नाही. मग एक पुस्तक अभ्यासकांच्या टेबलावर राहिले आणि दुसरे घराघरांत वाचले गेले, याचे कारण काय?

कारण हे की आपटे बाजूला झाले आणि त्यांनी यमूला बोलू दिले. ती स्वतःच आपली हकिकत सांगते आणि ती सांगते ती लहानपणापासून, भावाबरोबरच्या खेळांपासून, रुसव्याफुगव्यांपासून. घरातल्या वडीलधाऱ्यांची बोलणी एका लहान मुलीच्या कानांनी आपण ऐकतो. तिला त्यांचा अर्थ पुरता कळत नाही, आपल्याला कळतो, आणि तिला कळत नाही म्हणूनच आपण अस्वस्थ होतो. पुढे लग्न होते, सासरचा जाच येतो. मग नवऱ्याबरोबर ती मुंबईला जाते आणि तेथे काही काळ तिला सुख लाभते: नवऱ्याबरोबर मोकळेपणाने बोलण्याचे, वाचण्याचे, आपणही माणूस आहोत असे वाटण्याचे सुख. ही मुंबईची प्रकरणे घाईने वाचू नयेत. पुढच्या आघाताचे सारे बळ त्यांत साठवलेले आहे. यमूला वैधव्य येते आणि तिचे केस बळजबरीने काढले जातात, तेव्हा आपण ‘एका विधवेचे’ केशवपन वाचत नसतो. जिच्याबरोबर आपण शेकडो पाने राहिलो त्या मुलीच्या डोक्यावरून वस्तरा फिरत असतो. त्या ठिकाणी केशवपनाची रूढी वाईट आहे असे लेखकाने सांगण्याची गरज उरत नाही. सांगितले असते तर राग लेखकाच्या वाक्यात जिरून गेला असता; तो वाचकाच्या घशात अडकून राहिला, म्हणून पुस्तक टिकले.

या दोन यमुना शेजारी शेजारी ठेवून वाचणे ही कोणत्याही कार्यशाळेपेक्षा मोठी शाळा आहे. विषय तोच, हेतू जवळपास तोच, कळकळ दोघांचीही खरी. फरक केवळ सांगण्याचा. आपल्या स्पर्धेतील दारुड्या बापाला पहिल्या वाक्यापासून बाटली हातात देऊन उभे केलेले असते. तो कधी कोणाला आवडला होता काय? लग्नात तो नाचला होता काय? पोरीला खांद्यावर घेऊन त्याने जत्रा दाखवली होती काय? जे कधी नव्हतेच ते गमावल्याचे दुःख वाचकाला कसे व्हावे?

आमच्या काष्टीला शनिवारी जनावरांचा बाजार भरतो, हे श्रीगोंदे तालुक्यातच नव्हे, आसपासच्या जिल्ह्यांतही माहीत आहे. त्या बाजारात बैलाची तारीफ करणारा विकणारा पुष्कळ बोलतो. घेणारा त्याच्याकडे कान देत नाही. तो दात पाहतो, खूर पाहतो आणि म्हणतो, चालवून दाखवा. रुमालाखाली बोटे धरून भाव ठरतो तो त्यानंतर. आपल्या कथालेखकाने हे ध्यानात घ्यावे. ‘मारियाबाई अत्यंत धार्मिक व प्रेमळ स्वभावाची होती’ हे विकणाऱ्याचे बोलणे झाले. मारियाबाई चार पावले चालताना दिसली पाहिजे.

दुसरी तक्रार आमच्याच वर्गाची आहे, म्हणून ती थोडी सविस्तर मांडतो. आपल्या कथांतील धर्मगुरू हा एक अजब प्राणी असतो. तो पांढऱ्या झग्यात प्रकट होतो, मंद हसतो, चार वाक्यांत सर्वांचे प्रश्न सोडवतो आणि अंतर्धान पावतो. त्याला भूक लागत नाही, त्याची मोटारसायकल बंद पडत नाही, त्याला कोणाचा राग येत नाही, आणि भीती तर नाहीच नाही. लेखक आदरापोटी असे लिहितात हे मला कळते. परंतु असा आदर म्हणजे माणसाला पुठ्ठ्याचे करून भिंतीला टेकवून ठेवणे होय.

या बाबतीत आपण एका पक्क्या कॅथलिक लेखकाकडे जाऊ. इटलीच्या आलेस्सांद्रो मान्झोनी यांची ‘ई प्रोमेस्सी स्पोझी’, म्हणजे ‘लग्न ठरलेली दोघे’, ही कादंबरी १८२७ साली पूर्ण प्रसिद्ध झाली. इटलीतील शाळांत ती पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली आपल्या एका सार्वजनिक भेटीत वाङ्निश्चय झालेल्या तरुण-तरुणींना ती वाचण्याची आवर्जून शिफारस केली होती. इतक्या धार्मिक लेखकाची इतकी मान्यता पावलेली कादंबरी सुरू कोठे होते? एका भित्र्या धर्मगुरूपाशी. १६२८ सालच्या नोव्हेंबरात एका संध्याकाळी दोन अब्बोंदिओ हे पॅरिशचे फादर हातात प्रार्थनेचे पुस्तक घेऊन फिरून परत येत असतात. वाटेत दोन गुंड उभे. रेंझो आणि लुचिया या गरीब जोडप्याचे लग्न लावायचे नाही, असा त्यांच्या धन्याचा निरोप. आणि आपले फादर काय करतात? घाबरतात. घरी येऊन स्वयंपाकीणबाईजवळ सगळे ओकतात, तापाने फणफणतात, आणि दुसऱ्या दिवशी रेंझोला धर्मशास्त्रातील अडचणी सांगून, लॅटिन शब्द फेकून वाटेला लावतात. सारी कादंबरी या एका भित्रेपणातून उलगडत जाते.

दोन अब्बोंदिओ यांना आपण हसतो. पण हसता हसता त्यांची कीवही येते, कारण मान्झोनींनी त्यांची भीती आतून पाहिली आहे. त्या काळच्या मिलान प्रांतात निःशस्त्र माणसाचे जगणे कसे होते, कायदे किती आणि त्यांचा उपयोग किती, हे ते आधी समजावून देतात. मग आपल्याला प्रश्न पडतो, की मी त्या जागी असतो तर काय केले असते? उलट बाजूला त्यांनी फ्रा क्रिस्तोफोरो हा धैर्यवान संन्यासी उभा केला आहे. पण तोही निष्कलंक जन्मलेला नाही. तरुणपणी रस्त्यात कोणी कोणाला वाट द्यायची अशा क्षुद्र भांडणात त्याच्या हातून खून झालेला आहे. त्याच्या धैर्याला त्या रक्ताची किंमत आहे.

आणि त्या कादंबरीतील मनपरिवर्तन पाहा. एक बडा जुलमी सरदार आहे. त्याचे नावही लेखक देत नाही. त्याने लुचियाला पळवून आणून कोंडले आहे. त्याचे परिवर्तन शेवटच्या पानावर होत नाही, कादंबरीच्या ऐन मध्यावर होते. ते एका आशीर्वादानेही होत नाही. त्याला वय जाणवू लागलेले असते, केलेल्या कृत्यांचा कंटाळा बरेच दिवस मनात साचत असतो. त्यात त्या भेदरलेल्या मुलीचे विनवणे पडते. मग एक न संपणारी रात्र येते, जिच्यात तो स्वतःला संपवण्याच्या टोकापर्यंत जातो. आणि पहाटे खालच्या खोऱ्यातून घंटांचा आवाज येतो. कार्डिनलांच्या भेटीला लोक नटूनथटून निघालेले असतात. तोही उठून जातो. सारे किती सावकाश! आणि या गंभीर प्रसंगाच्या लगोलग मान्झोनी काय करतात? त्याच जुलमी माणसासोबत लुचियाला सोडवायला आपल्या भित्र्या फादरांना खेचरावर बसवून पाठवतात. फादर वाटभर मनातल्या मनात कुरकुरत आणि थरथरत जातात. परिवर्तनाच्या शेजारी हसू ठेवले म्हणून परिवर्तन हलके झाले काय? ते अधिक खरे झाले, कारण जगात कोणाचे हृदय बदलत असते तेव्हा शेजारच्याला खेचर पाडील काय याचीच काळजी असते.

आमच्या स्पर्धेत अशी कथा आली तर परीक्षक मंडळातील एखादे सद्गृहस्थ म्हणतील, धर्मगुरूंची बदनामी झाली. म्हणोत. व्हिक्टर ह्यूगो यांची ‘ले मिझेराब्ल’ घ्या. तीत चांदीची मेणबत्तीदाने चोराच्या हवाली करणारा जो बिशप आहे, त्याच्यासारखे धर्मगुरूचे चित्र क्वचितच कोणी रेखाटले असेल. आणि तीच कादंबरी १८६४ साली ख्रिस्तसभेच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत गेली होती. ती यादीच १९६६ साली निकालात निघाली. मेणबत्तीदाने अजून आहेत.

भाषेविषयी. मान्झोनी यांनी कादंबरी एकदा छापल्यावर ती पुन्हा हाती घेतली आणि फ्लॉरेन्सच्या लोकांच्या जिवंत बोलीला जवळ जाईल अशी वाक्यन्‌वाक्य नवी केली. सुधारून घेतलेली आवृत्ती निघाली ती १८४० ते १८४२ मध्ये. कशासाठी एवढा खटाटोप? माणसे बोलतात तसे पुस्तकाने बोलावे म्हणून. आपल्या कथांत तर शेतमजूर आपल्या बायकोशी धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरीतल्या भाषेत बोलतो. ‘प्रिये, परमेश्वराची इच्छा आपण नम्रपणे स्वीकारली पाहिजे’ असे वाक्य भीमाकाठी कोणा नवऱ्याने उच्चारलेले मी तरी ऐकलेले नाही.

आणि यासाठी इटलीला जाण्याचीही गरज नव्हती. आपल्या नगर जिल्ह्यात, राहुरीला आणि नगरला, लक्ष्मीबाई टिळक राहून गेल्या. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. ती कादंबरी नव्हे, आत्मचरित्र आहे. पण गोष्ट कशी सांगावी हे शिकायचे असेल तर मराठीत त्याहून चांगला गुरू मला माहीत नाही. वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकाने सारे घर कसे वेठीला धरले होते ते लक्ष्मीबाई सांगतात, आणि त्यात वडिलांविषयी द्वेषाचा एक शब्द नसतो. आपण हसतो आणि हसताना घाबरतो. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, संसार दुभंगला, काही वर्षांनी त्या नवऱ्याकडे परत आल्या. दुसरा कोणी असता तर येथेच प्रकाश दिसल्याचे वर्णन करून मोकळा झाला असता. लक्ष्मीबाई काय सांगतात? परत आल्यावरही आपण आपले सोवळेओवळे कसे जपले, कोणाच्या हातचे पाणी कसे टाळले, आणि मग ते हळूहळू कसे गळून पडले. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तोपर्यंत वाचकाने सारा रस्ता त्यांच्याबरोबर पायी तुडवलेला असतो. शाळेचे तोंड न पाहिलेली ही बाई! तिने स्वतःला कोठेही संत ठरवले नाही, नवऱ्यालाही नाही. टिळकांचा विसराळूपणा आणि रागीटपणा तिने इतक्या मायेने रंगवला आहे की ते आपल्याच घरातले वाटू लागतात. आपल्या स्त्रीलेखिकांना माझी विनंती आहे, की पुढची कथा लिहिण्यापूर्वी या पुस्तकाची पहिली पन्नास पाने मोठ्याने वाचावीत.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’विषयी थोडक्यात सांगतो, कारण ती बहुतेकांना निदान नावाने ठाऊक आहे. १९५५ सालची ही छोटी कादंबरी. एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीत येतो, वाडी हळूहळू त्याची होते, आणि शेवटी दुष्काळ पडून वाडी उठून जाते. दुष्काळावर भाष्य नाही, सरकारवर टीका नाही, मास्तरांचे चिंतन नाही. माणसे आणि मेंढरे निघून जातात, एवढेच. आमच्या लेखकाला हा शेवट दिला असता तर त्याने पाऊस पाडला असता!

आता आक्षेपांकडे वळतो. सर्वांत वजनदार आक्षेप आमचे श्रद्धावान वाचक घेतील: प्रभू येशूने बोधासाठीच दाखले सांगितले, मग आम्ही बोध का टाळावा? मी उलट विचारतो, आपण ते दाखले गोष्टी म्हणून वाचले आहेत काय? लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राची गोष्ट घ्या. धाकटा परत आला, मेजवानी सुरू झाली. थोरला शेतावरून येतो, वाद्यांचा आवाज ऐकतो, रागावून दाराबाहेर उभा राहतो. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. मग? थोरला आत गेला की नाही? शुभवर्तमान सांगत नाही. गोष्ट दारातच थांबते. जे परुशी आणि शास्त्री ती ऐकत उभे होते त्यांनाच आत जायचे की नाही हे ठरवायचे होते. आपल्यापैकी कोणी ती लिहिली असती तर थोरल्याने धाकट्याला मिठी मारली असती, दोघांनी अश्रू ढाळले असते आणि ऐकणारे निश्चिंत मनाने घरी गेले असते.

दाविदाकडे गेलेल्या नाथान संदेष्ट्याची गोष्टही तशीच. त्याने राजाला प्रथम त्याचे पाप सांगितले नाही; गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगितली. ती मेंढी त्या गरिबाच्या ताटात जेवायची, त्याच्या कुशीत निजायची, एवढे तपशील त्याने आवर्जून दिले. राजा संतापला, त्याने निवाडा दिला, आणि मगच नाथानने बोट दाखवले. होय, बोट दाखवले हे खरे आहे. पण कधी? ऐकणाऱ्याचा निवाडा झाल्यावर. आमचे लेखक पहिल्या ओळीपासून बोट रोखून उभे असतात.

हा रोग कोठून आला हेही सांगून टाकतो. तो व्यासपीठावरून आला. सेमिनरीत प्रवचनाची एक ठरीव घडण शिकवली जाते: तीन मुद्दे, मध्ये एखादा दाखला, शेवटी समारोप. तेथे गोष्ट ही मुद्द्याची मोलकरीण असते, आणि दहा मिनिटांच्या प्रवचनात तिने तसे असण्याला माझी हरकत नाही. परंतु रविवारमागून रविवार तेच ऐकून आपल्या लोकांना वाटू लागले की गोष्टीचा तेवढाच उपयोग. धर्मगुरूंनी कादंबऱ्या वाचण्याला तर आपल्याकडे वेळेचा अपव्यय समजले जाते. अशा मंडळींनी पोप फ्रान्सिस यांचे १७ जुलै २०२४ रोजीचे पत्र पाहावे. धर्मगुरूंच्या आणि सर्वच ख्रिस्ती जनांच्या घडणीत साहित्यवाचनाला स्थान असले पाहिजे, हाच त्या पत्राचा विषय आहे. सेमिनऱ्यांत त्याची उपेक्षा होते ही खंतही त्यांनी व्यक्त केली आहे.

त्याच पत्रातला एक तपशील माझ्या म्हणण्याला थोडा अडचणीचा आहे, तोही लपवत नाही. पोपमहोदय तरुणपणी, १९६४-६५ च्या सुमारास, आर्जेन्टिनातील सांता फे येथील जेझुइट शाळेत साहित्य शिकवत होते. अभ्यासक्रमात ‘एल सिद’ हे जुने स्पॅनिश काव्य होते. मुलांना हवे होते लोर्का. त्यांनी मुलांना ‘एल सिद’ घरी वाचायला सांगितले आणि वर्गात त्यांच्या आवडीचे लेखक घेतले. म्हणजे अभिजात ग्रंथ डोक्यावर आदळून कोणी वाचक होत नाही. हे मला पूर्ण मान्य आहे. ज्याला ‘पण लक्षात कोण घेतो’ची जुनी भाषा जड जाते त्याने ‘बनगरवाडी’पासून आरंभ करावा. पण आरंभ करावा! मोबाइलवर रोज तासन्‌तास मालिकांचे तुकडे पाहणाऱ्याने जुन्या कादंबऱ्या संथ असतात, वेळ मिळत नाही, असे मला सांगू नये. मिलानच्या प्लेगचे दिवस मान्झोनींनी कसे उभे केले आहेत ते २०२० साली ज्याने वाचले असेल, त्याला ते संथ वाटले नसणार.

आणखी एक आक्षेप तरुण लेखक घेतात: मोठ्यांचे वाचले की त्यांची छाप पडते आणि आपला आवाज हरवतो. ज्यांच्या कथांत बाटली आणि दगड यांपलीकडे काही नसते त्यांनी आवाज हरवण्याची धास्ती बाळगावी, याचे मला नवल वाटते. न वाचणाऱ्यावरही छाप असतेच, ती मालिकांची आणि प्रवचनांची. दोस्तोयेव्हस्की वाचून कोणी दोस्तोयेव्हस्की होत नाही. पण ‘करामाझोव बंधू’मध्ये त्या श्रद्धाळू लेखकाने देवाविरुद्धची सर्वांत बिनतोड फिर्याद इव्हानच्या तोंडी घातली, तिला एका वाक्यातही दुबळे केले नाही, आणि वादात उत्तर न देता आल्योशाला भावापाशी नुसते बसवले. हे एकदा वाचले की आपल्या कथेतील नास्तिक प्राध्यापकाला मूर्ख ठरवताना हात थोडा तरी अडखळेल.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा आपण सत्कारांचे हार घालून थकलो. निरोप्या १९०३ सालापासून आहे याचाही आपण अभिमान सांगतो. हार आणि अभिमान यांनी पुस्तकांच्या कपाटाचे कुलूप उघडत नाही. बहुतेक धर्मग्रामांत असे एक कपाट असते. त्याची किल्ली कोणाकडे आहे हे विचारून पाहावे.

संपादकांकडे माझ्या दोन मागण्या आहेत, त्यांनी राग मानू नये. येत्या नाताळच्या कथास्पर्धेत, ज्या कथेत धर्मगुरू येऊन प्रश्न सोडवतो ती कथा परत पाठवावी, मग लेखक कितीही ओळखीचा असो. आणि प्रत्येक स्पर्धकाने कथेसोबत गेल्या वर्षात वाचलेल्या एका जुन्या कादंबरीवर एक पान लिहून जोडावे. पान नसेल तर पाकीट उघडू नये. कथा कमी येतील. येऊ देत. ‘यमुनापर्यटन’ फारसे जाड नाही, प्रायश्चित्तकाळाच्या चाळीस दिवसांत सहज होते. आपट्यांच्या यमूला पावसाळा द्यावा लागेल.